मालकच तपासनीस कसा?

आयर्लंडमध्ये १८५५ साली जन्मलेले विल्यम मुलहॉलंड लॉस एंजेलिसमध्ये पाट साफ करणारे मजूर होते. स्वाध्यायाने ते शहराच्या पाणीखात्याचे प्रमुख अभियंते झाले. १९१३ साली त्यांनी दूरच्या खोऱ्यातून पाणी आणले. शहराने त्यांना डोक्यावर घेतले. महापालिकेच्या धरणांना राज्याची तपासणीच नव्हती. १२ मार्च १९२८ रोजी सेंट फ्रान्सिस धरणाची गळती पाहून त्यांनी धोका नसल्याचा निर्वाळा दिला. त्याच मध्यरात्री धरण फुटले. चारशेहून अधिक माणसे मेली. त्यांत मेक्सिकन शेतमजूर पुष्कळ होते. मुलहॉलंड यांनी दोष पत्करला. १९२९ च्या कायद्याने तेथील महापालिकांची धरणेही राज्याच्या देखरेखीखाली आली. १९३५ साली ते वारले.

आपल्याकडे बहुतेक मोठी धरणे राज्य सरकारांची आणि २०२१ च्या कायद्याने तपासणारी संघटनाही त्यांचीच! विभूतिपूजेने धरणाखालची वस्ती वाचत नाही.