विश्लेषण : बॉब मार्ली यांचा जीव घेणारा नखाखालचा कर्करोग काय असतो?

सावळ्या त्वचेला कर्करोग होत नाही, असा समज आपल्याकडेही आहे. ‘रेगे’ संगीत जगभर पोहोचवणारे जमैकाचे गायक बॉब मार्ली यांचा मृत्यू हा समज खोडून काढतो. ते अवघे ३६ वर्षे जगले.

कोण होते मार्ली?
जन्म ६ फेब्रुवारी १९४५, जमैकातील नाइन माइल हे खेडे. आई कृष्णवर्णीय, वडील गोरे. किंग्स्टनच्या ट्रेंचटाउन या गरीब वस्तीत ते वाढले, तिथेच ‘वेलर्स’ हा गट जमला. १९७३च्या ‘कॅच अ फायर’ अल्बमनंतर जगाने त्यांची दखल घेतली.

अंगठ्याला काय झाले?
मार्ली यांना फुटबॉलचे वेड होते. पायाच्या अंगठ्याची जखम खेळातलीच वाटत होती. १९७७ मध्ये तपासणीत नखाखाली मेलॅनोमा निघाला. अंगठा कापण्याचा सल्ला त्यांनी नाकारला. रास्ताफारी श्रद्धेत ते बसत नव्हते. फक्त नखाचा भाग काढून तिथे मांडीची त्वचा लावली गेली. दौरे सुरूच राहिले. सप्टेंबर १९८० मध्ये न्यूयॉर्कमध्ये धावताना ते कोसळले. कर्करोग मेंदूपर्यंत पोहोचला होता. जर्मनीतील उपचारांनंतर मायदेशी परतताना ११ मे १९८१ रोजी मायामीत त्यांचे निधन झाले.

पेशींत काय बिघडते?
प्रत्येक पेशीत जनुके तीच असतात. कोणते किती ‘चालू’, यावर पेशीचे काम ठरते. यालाच जनुकीय अभिव्यक्ती म्हणतात. त्वचेला रंग देणाऱ्या पेशींत ‘एमआयटीएफ’ हे जनुक सूत्रे हलवते. तळवे आणि नखांखालच्या मेलॅनोमात अनेकदा ‘सीसीएनडी१’ जनुकाच्या जादा प्रती तयार होतात आणि विभाजनाचा आदेश थांबत नाही. पुढे काही पेशींत रंग बनवणारी जनुके मंदावतात, हालचालीची जनुके वाढतात. अशा पेशी जागा सोडून शरीरभर पसरू शकतात. या प्रकारात ऊन हे मुख्य कारण नसते.

आज काय वेगळे आहे?
मार्ली यांच्या काळात ही जनुके ठाऊक नव्हती. आता गाठीची जनुकीय तपासणी करून औषध निवडता येते. २०११ पासून इम्युनोथेरपीही आली. तरीही लवकर निदान आणि शस्त्रक्रिया हाच सर्वांत मोठा आधार आहे.

कधी सावध व्हावे?
नखातील काळी रेघ रुंदावत असेल, रंग भोवतालच्या त्वचेवर उतरत असेल किंवा तळव्यावरची जखम भरत नसेल, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. प्रत्येक रेघ कर्करोगाची नसते, पण मार लागला असेल म्हणून तपासणी टाळू नका.