अमेरिकेचा पहिला ॲटलास छापणारा फरारी : मॅथ्यू केरी

सप्टेंबर १७८४. डब्लिनच्या बंदरातून अमेरिकेला निघालेल्या जहाजात बाईच्या वेशात एक तरुण चढला. वय २४, एका पायाने अधू आणि मागे सरकारी बदनामीचा खटला. अकरा वर्षांनी याच माणसाने अमेरिकेचा पहिला ॲटलास छापला. त्याचं नाव मॅथ्यू केरी.

केरी १७६० साली डब्लिनमधल्या एका बेकरीवाल्याच्या घरी जन्मला. तान्हा असताना दाईच्या हातून पडल्यामुळे त्याचा पाय कायमचा अधू झाला. विशीच्या आसपास त्याने आयर्लंडमधल्या कॅथलिकांवरच्या जाचक कायद्यांविरुद्ध लिहिलं, आणि प्रकरण इतकं तापलं की घरच्यांनी त्याला पॅरिसला धाडलं. तिथे बेंजामिन फ्रँकलिनच्या छोट्या छापखान्यात त्याला काम मिळालं. लाफायेतशीही ओळख झाली. परत येऊन त्याने वृत्तपत्र काढलं, तुरुंगात गेला, सुटला आणि मग ते जहाज.

फिलाडेल्फियात तो उतरला तेव्हा खिसा जवळजवळ रिकामा होता. योगायोगाने लाफायेत तेव्हा अमेरिकेत होता. त्याने ४०० डॉलर दिले आणि त्यावर केरीचं वृत्तपत्र उभं राहिलं. (ही रक्कम केरीने तब्बल चाळीस वर्षांनी, लाफायेत १८२४ साली पुन्हा अमेरिकेत आला तेव्हा फेडली.) स्वभाव मात्र तोच राहिला. १७८६ मध्ये प्रतिस्पर्धी संपादक ऑस्वाल्ड याच्याशी त्याने द्वंद्वयुद्ध केलं, मांडीत गोळी लागली आणि वर्षाहून जास्त काळ त्रास भोगला.

ॲटलासचा जन्म खरं तर एका भूगोलाच्या पुस्तकातून झाला. विल्यम गथ्री या ब्रिटिश लेखकाचं जाडजूड पुस्तक केरीने अमेरिकी वाचकांसाठी सुधारून छापायला घेतलं. त्यासाठी नव्या देशातल्या एकेका राज्याचे नकाशे हवे होते आणि ते तयार मिळण्यासारखे नव्हते. सॅम्युएल लुईससारख्यांनी ते काढले, वेगवेगळ्या कारागिरांनी तांब्याच्या पत्र्यांवर कोरले. खर्च एवढा झाला की नकाशे वेगळे विकणंही भाग होतं. १७९५ च्या ‘अमेरिकन ॲटलास’मध्ये २० नकाशे आणि १ सागरी तक्ता आहे. साध्या प्रतीला ५ डॉलर, हाताने रंगवलेलीला ६. त्याआधी ख्रिस्तोफर कोल्सचं रस्त्यांच्या नकाशांचं पुस्तक आलं होतं, पण राज्यवार ॲटलास म्हणतात तो हाच.

केरीच्या चरित्रात एक डागही आहे. १७९३ च्या पीतज्वराच्या साथीवर त्याने झटपट पुस्तिका लिहिली आणि रुग्णांची सेवा करणाऱ्या कृष्णवर्णीयांपैकी काहींवर लूटमारीचा आरोप केला. ॲब्सलम जोन्स आणि रिचर्ड ॲलन यांनी १७९४ मध्ये छापील उत्तर दिलं. साथीत केरी स्वतः काही काळ शहराबाहेर होता, हे उत्तर देणाऱ्यांनी विसरू दिलं नाही.

आता संग्राहकांची पंचाईत. १७९६ मध्ये जागतिक आणि खिशातला असे आणखी दोन ॲटलास निघाले, पुढे १८१४ आणि १८१८ मध्येही आवृत्त्या आल्या. तांब्याचा पत्रा महाग, म्हणून तोच पुन्हा वापरायचा आणि हवं तिथे खरवडून नवी नावं कोरायची. त्यामुळे सुटा नकाशा हाती आला की साल ठरवणं अवघड जातं. टेनेसी १७९६ मध्ये राज्य झालं, ओहायो १८०३ मध्ये, मेन १८२० मध्ये. ही राज्य म्हणून दाखवली असतील तर नकाशा त्यानंतरचा. उलट जुनं नाव दिसलं म्हणून छपाई जुनी, असं मात्र नाही; पत्रा न बदलताही छापला जाई. म्हणून कोपऱ्यातला क्रमांक पाहतात, कागद उजेडात धरून जाळीच्या रेघा दिसतात का ते बघतात. रेघांचा कागद सहसा आधीचा, गुळगुळीत विणीचा नंतर रुळला. मुखपृष्ठावरच्या सालावर एकट्याने भरवसा ठेवणारा फसतो.

केरी १८३९ साली वारला. धंदा त्याआधीच मुलगा हेन्री आणि जावई आयझॅक ली यांच्याकडे गेला होता. १८२२ चा ॲटलास त्यांचाच. केरीने जपलेले हिशेबाचे कागद मॅसॅच्युसेट्समधल्या वुस्टर इथे अमेरिकन अँटिक्वेरियन सोसायटीत आहेत.