कार्ल रॉजर्स आणि विनाअट स्वीकार

उपचारकाने रुग्णावर निवाडा करू नये, त्याला आहे तसा आधी स्वीकारावा, हा विचार मानसोपचारात रुजविणाऱ्या कार्ल रॉजर्स यांचे स्वतःचे बालपण मात्र अटींच्या कुंपणात गेले. 8 जानेवारी 1902 रोजी शिकागोजवळील ओक पार्क येथे त्यांचा जन्म झाला. सहा भावंडांतील ते चौथे. वडील स्थापत्य अभियंते. घर कडव्या प्रॉटेस्टंट वळणाचे. पत्ते, नृत्य, नाटक, मद्य सारेच वर्ज्य. पुढे कुटुंब शेतावर राहावयास गेले, तेव्हा हा एकलकोंडा मुलगा पतंग पाळण्यात आणि शेतीशास्त्राची पुस्तके वाचण्यात रमला.

1922 मध्ये ख्रिस्ती विद्यार्थ्यांच्या जागतिक परिषदेसाठी ते पेकिंगला गेले. प्रवासात त्यांची धर्ममते पालटत होती आणि ती ते मोकळेपणाने घरी कळवीत होते. टपाल इतके संथ होते, की आईवडिलांची व्यथित उत्तरे हाती पडेपर्यंत फारकत पुरी झालेली होती. आयुष्यातील एवढे मोठे स्थित्यंतर पत्रांच्या विलंबामुळे सुसह्य व्हावे, याचे वाङ्मयाच्या अभ्यासकाला कौतुक वाटल्याखेरीज राहत नाही.

न्यूयॉर्कमध्ये धर्मशास्त्राचे अध्ययन अर्ध्यावर सोडून ते मानसशास्त्राकडे वळले. 1928 पासून बारा वर्षे त्यांनी रॉचेस्टर येथे बालकांसाठी काम केले, आणि त्यांच्या विचाराचा उगम तेथेच शोधावा लागतो. एका दांडगट मुलाच्या आईला ते आठवड्यामागून आठवडे एकच गोष्ट पटवू पाहत होते, की मुलाच्या वागण्याचे मूळ तिने त्याला लहानपणी नाकारले यात आहे. निदान बिनचूक असेलही. बाईंवर परिणाम शून्य. अखेर दोघांनीही अपयश मान्य केले. बाई दारापर्यंत गेल्या, वळल्या, आणि येथे प्रौढांनाही सल्ला मिळतो काय, असे त्यांनी विचारले. पुन्हा खुर्चीत बसून त्यांनी आपल्या संसाराची जी कर्मकहाणी सांगितली, ती आधीच्या नीटनेटक्या वृत्तांताहून सर्वस्वी निराळी होती. रॉजर्स केवळ ऐकत राहिले. कालांतराने मुलगाही सुधारला.

1942 च्या ग्रंथात त्यांनी ध्वनिमुद्रित केलेली एक संपूर्ण उपचारमाला शब्दशः छापली. बंद दारांआडचा संवाद अशा रीतीने प्रथमच अभ्यासाची संहिता झाला. रुग्ण हा शब्दही त्यांनी टाकला. त्यांनी योजलेल्या इंग्रजी शब्दाला आपल्याकडे अशील म्हणावे तर वकिलाची कचेरी आठवते. सल्लार्थी त्यातल्या त्यात बरा.

विनाअट आदराची संज्ञा त्यांचे शिकागोतील विद्यार्थी स्टॅन्ले स्टँडल यांच्या 1954 च्या प्रबंधातली. 1957 च्या प्रसिद्ध लेखाने ती सर्वतोमुखी केली. तिचा अर्थ होकार देणे नव्हे. सल्लार्थीचा द्वेष, भीती, लाज यांना त्याच्या प्रेमाइतकीच जागा देणे, आणि तीही उपचारकाने मुखवटा न घालता, एवढेच तिला अभिप्रेत आहे. एवढेच म्हटले खरे. पण ते किती अवघड, हे रॉजर्सनी आधीच भोगले होते. 1949 च्या सुमारास एका अतिशय अस्वस्थ स्त्रीवर उपचार करताना आपण कोठे संपतो आणि ती कोठे सुरू होते, हेच त्यांना कळेनासे झाले. तिला सहकाऱ्याकडे सोपवून, पत्नी हेलन यांच्यासह त्यांनी अक्षरशः शहर सोडले. काही महिन्यांनी परतल्यावर ते आपल्याच एका सहकाऱ्यासमोर सल्लार्थी म्हणून बसले. लोकांना आपले काम आवडते, आपण नव्हे, ही त्यांची जुनी समजूत तेथे हळूहळू सैल झाली.

18 एप्रिल 1957 रोजी ॲन आर्बर येथे मार्टिन बूबर यांनी त्यांना अडविले. मदत मागणारा आणि देणारा समान असूच शकत नाहीत, आणि माणूस जो होऊ शकतो त्याला बळ देताना प्रसंगी त्याच्याशीच झगडावे लागते, असे बूबर यांचे म्हणणे. प्रस्तुत लेखकाला या आक्षेपाचे पूर्ण उत्तर रॉजर्सच्या लेखनात आढळत नाही. विस्कॉन्सिनमध्ये छिन्नमनस्कांवर केलेल्या प्रयोगातही उपचार लाभलेला गट इतरांहून एकंदरीत फारसा पुढे गेला नाही.

उत्तरायुष्य कॅलिफोर्नियातील ला होया येथे गेले. हेलन 1979 मध्ये निवर्तल्या. ऐंशी उलटल्यावरही रॉजर्स दक्षिण आफ्रिकेत गोऱ्याकाळ्यांना एकत्र बसवून ऐकत होते. पडून खुब्याचे हाड मोडल्याचे निमित्त होऊन 4 फेब्रुवारी 1987 रोजी त्यांचे निधन झाले.