जॉर्ज हॅरिसन आणि नकळत झालेली चोरी

बीटल्स या जगप्रसिद्ध चौकडीतील सर्वांत धाकटा जॉर्ज हॅरिसन २५ फेब्रुवारी १९४३ रोजी लिव्हरपूल येथे जन्मला. वडील बस-कंडक्टर. चौकडीत गाणी रचण्याचा मान मुख्यतः लेनन व मॅकार्टनी यांचा. जॉर्जच्या वाट्यास बहुतेक तबकड्यांवर एखाद-दुसरे गाणे येई. १९६६ मध्ये पंडित रविशंकरांकडे सतार शिकण्यासाठी तो मुंबईस येऊन राहिला. पुढे सतार मागे पडली, कृष्णभक्ती मात्र टिकली.

१९७० साली बीटल्स फुटले. साठलेल्या गाण्यांचा तीन तबकड्यांचा संच त्याने त्याच वर्षी काढला. त्यातील ‘माय स्वीट लॉर्ड’ हे गाणे अमेरिकेत व इंग्लंडमध्ये पहिल्या क्रमांकावर गेले. ख्रिस्ती जयघोषातून अलगद कृष्णनामात शिरणारे हे रॉक गीत!

पण १९७१ मध्ये ब्राइट ट्यून्स या कंपनीने दावा लावला. ‘ही इज सो फाइन’ या १९६३ च्या गाण्याची चाल चोरली, हा आरोप. त्याचा कर्ता रॉनी मॅक १९६३ सालीच वारला होता. न्यूयॉर्कचे न्यायाधीश रिचर्ड ओवेन स्वतः संगीतकार होते. त्यांनी सुरांचे दोन तुकडे वेगळे काढले. आपल्या भाषेत सांगायचे तर प-ग-रे हा एक आणि प-ध-सा-ध-सा हा दुसरा. सुटे घेतले तर दोन्ही अगदी साधे. पण त्याच क्रमाने, जवळपास तितक्याच वेळा पुन्हापुन्हा येणे हा योगायोग नव्हे, असे त्यांचे मत पडले. हॅरिसनने मुद्दाम चोरी केली असे त्यांनी म्हटले नाही. ऐकलेली चाल मनाच्या तळातून वर आली, तरीही कायद्याने ती चोरीच, असा निकाल १९७६ मध्ये लागला. मला हा निकाल कठोर वाटतो. ऐकलेले विसरून कोणता गायक गातो?

खरी गंमत पुढेच आहे. १९७३ पर्यंत हॅरिसनचा व्यवस्थापक असलेल्या ॲलन क्लाइनने आधी त्याच्याच बाजूने तडजोडीची बोलणी केली होती. नंतर त्यानेच गाण्याच्या कमाईची आतली माहिती ब्राइट ट्यून्सला पुरवली आणि १९७८ मध्ये ‘ही इज सो फाइन’चे हक्क, दाव्यासकट, ५,८७,००० डॉलरना विकत घेतले! नुकसानभरपाई सुमारे १६ लक्ष डॉलर ठरत होती. म्हणजे वकालतनामा आपला आणि वसुली प्रतिपक्षाची. वाणिज्य शाखेच्या मित्रांना एजन्सीचे प्रकरण आठवेल : मालकाच्या व्यवहारात प्रतिनिधीने चोरून साधलेला लाभ मालकाचा, असे आपल्या करार कायद्याचे २१६ वे कलम सांगते. अमेरिकन न्यायालयानेही १९८१ मध्ये याच न्यायाने क्लाइनचा नफा नाकारला. हॅरिसनने त्याची खरेदी-किंमत व्याजासह द्यावी, अधिक नाही. १९८३ च्या अपिलातही हे कायम राहिले. हिशेबाची भांडणे मात्र पुढे कित्येक वर्षे चालूच होती.

२९ नोव्हेंबर २००१ रोजी कर्करोगाने हॅरिसनचे निधन झाले. जानेवारी २००२ मध्ये तेच गाणे इंग्लंडमध्ये पुन्हा पहिल्या क्रमांकावर आले.