एडगर कॉड : कोष्टकांचा शिल्पकार

बँकेच्या खात्यांपासून विमानाच्या आरक्षणापर्यंतच्या नोंदी ज्या कोष्टकांवर उभ्या आहेत, त्यांची सैद्धांतिक बैठक एडगर फ्रँक कॉड यांनी घातली. इंग्लंडमधील पोर्टलंड येथे १९ ऑगस्ट १९२३ रोजी त्यांचा जन्म झाला. ऑक्सफर्डमध्ये गणित व रसायनशास्त्राचा अभ्यास, महायुद्धात वैमानिक म्हणून सेवा आणि १९४८ मध्ये अमेरिकेत आयबीएमची नोकरी, असा त्यांचा प्रवास. सिनेटर मॅकार्थी यांच्या मोहिमेचा संताप येऊन १९५३ मध्ये ते कॅनडात निघून गेले. मनाविरुद्ध जुळवून घेणे त्यांना कधीच जमले नाही. १९५७ मध्ये ते आयबीएममध्ये परतले.

त्या काळी संगणकातील माहिती वंशवृक्षासारखी रचली जाई : ग्राहकाखाली त्याच्या मागण्या, मागणीखाली वस्तू. अमुक वस्तू कोणी कोणी घेतली, असा उलटा प्रश्न आला की प्रत्येक फांदी चाचपावी लागे. रचना बदलली की प्रोग्रॅम नव्याने लिहावा लागे. कॉड यांनी १९७० च्या शोधनिबंधात निराळा मार्ग सुचविला. ग्राहकांचे एक कोष्टक, मागण्यांचे दुसरे आणि सामायिक क्रमांकाने दोहोंची सांगड. माहिती कशी साठवली आहे, हे विचारणाऱ्याला ठाऊक असण्याचे कारणच उरले नाही.

आयबीएमला मात्र आयएमएस या आपल्या जुन्या प्रणालीचे उत्पन्न अधिक प्रिय होते. कंपनीच्याच प्रयोगशाळेत जन्मलेली एसक्यूएल भाषा कॉड यांना सदोष वाटे. एकसारख्या ओळींची पुनरावृत्ती तिला चालते, हा त्यांचा एक आक्षेप. त्यांची कल्पना आधी बाजारात नेली ती पुढे ऑरेकल नावाने गाजलेल्या कंपनीने, १९७९ मध्ये. १९८१ चा ट्युरिंग पुरस्कार कॉड यांना मिळाला. १८ एप्रिल २००३ रोजी फ्लोरिडात त्यांचे निधन झाले.

त्यांच्या सिद्धांताला खरे आव्हान मिळाले ते त्यानंतर. इंटरनेटवरील अफाट माहिती एका यंत्रात मावेना. गूगलने २००६ मध्ये बिगटेबल व ॲमेझॉनने २००७ मध्ये डायनॅमो या प्रणालींचे शोधनिबंध प्रसिद्ध केले आणि २००९ पासून ‘नोएसक्यूएल’ हे नाव रूढ झाले. यातील काही प्रणाली ग्राहक व त्याच्या मागण्या एकाच दस्तात ठेवतात. हे दस्त शेकडो यंत्रांवर विखुरता येतात, रचनेचे बंधन सैल राहते. पण तोच उलटा प्रश्न पुन्हा महाग पडू शकतो. शिवाय अनेक प्रणालींत एका यंत्रावरील बदल दुसऱ्यावर क्षणभर उशिरा उमटतो. समाजमाध्यमावरील पसंतीच्या आकड्याला ते चालते, खात्यातील शिलकीला नाही. अशा प्रणालींपैकी मोंगोडीबीने २०१८ मध्ये अनेक दस्तांतील बदल एकत्रितपणे पूर्ण वा रद्द करण्याची सोय आणली. कोष्टकांच्या प्रणालींत ती कित्येक वर्षांपासून होती.