जीवरसायनशास्त्रज्ञ डॉ. कमलाबाई सोहोनी

आंबेगावच्या सातगाव पठारावर बटाटा पिकतो, आणि ओतूर, मंचरच्या बाजारात पावट्याच्या शेंगा येतात. या दोन्हींच्या आतले रसायन उलगडून पाहणाऱ्या एका मराठी विदुषीची ओळख आपल्या मुलामुलींना असावी, म्हणून हा अल्प परिचय.

कमलाबाई माहेरच्या भागवत. जन्म १९११ साली इंदूरचा. लेखिका दुर्गाबाई भागवत या त्यांच्या थोरल्या भगिनी. घरात रसायनशास्त्राची परंपरा होती. वडील आणि काका दोघेही त्याच विषयाचे. १९३३ साली मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी.ला पहिला क्रमांक मिळवून त्यांनी बंगळूरच्या विज्ञान संस्थेकडे अर्ज केला. संचालक सर सी. व्ही. रामन यांनी तो नाकारला. कारण एकच, अर्जदार मुलगी होती. रामन नोबेल पारितोषिकाचे मानकरी खरे, पण येथे त्यांचे चुकलेच, असे माझे स्पष्ट मत आहे. कमलाबाई बंगळूरला जाऊन ठाण मांडून बसल्या. शेवटी एक वर्ष काम पाहून मग ठरवू, अशा अटीवर प्रवेश मिळाला. श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी दूध व कडधान्यांतील प्रथिनांचा अभ्यास केला आणि १९३६ मध्ये एम.एस्सी. झाल्या. त्यांचे काम पाहून संस्थेने मुलींना दार उघडले.

पुढे केंब्रिजमध्ये बटाट्यावर काम करताना त्यांना वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम सी हे प्रथिन आढळले. पेशीच्या श्वसनात ते कामी येते. त्यातील लोहयुक्त भाग प्रथिनाच्या साखळीला पक्क्या रासायनिक बंधांनी जोडलेला असतो. १९३९ साली त्यांना पीएच.डी. मिळाली. प्रबंध अवघ्या चाळीस पानांचा!

भारतात परतल्यावर दिल्ली व कुन्नूर येथे काम करून त्या मुंबईच्या विज्ञान संस्थेत आल्या. पावट्याचे काम येथले. विद्यार्थ्यांनी हे नीट समजून घ्यावे. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब साखळी. साखळीचे दुवे मजबूत. परंतु ती घडी घालून विशिष्ट आकारात राहते ती बहुतांशी हायड्रोजन बंधांसारख्या दुबळ्या आकर्षणांमुळे. एकटा बंध क्षीण, शेकडो मिळून आकार टिकवतात. कच्च्या पावट्यात असे एक प्रथिन असते, की ते आपल्या आतड्यातील ट्रिप्सिन या पाचकरसाला चावी कुलपात बसावी तसे चिकटते आणि त्याचे काम बंद पाडते. हा रोधक कमलाबाईंनी सहकाऱ्यासह स्फटिकरूपात वेगळा केला. ते संशोधन १९५५ साली प्रसिद्ध झाले. पाण्यात उकळल्यावर दुबळे बंध तुटतात, घडी विस्कटते आणि रोधक बराचसा निकामी होतो. मात्र त्यात गंधकाचे पक्के टाकेही असतात, म्हणून अर्धवट शिजवून भागत नाही. उसळ असो वा सालन, पावटा भिजवून चांगला शिजवावा, हे आपल्या घरच्या बायकांना ठाऊक होतेच. कारण कमलाबाईंनी दाखवले.

नीरा या पेयाच्या पोषणमूल्यावरही त्यांनी काम केले व त्यासाठी राष्ट्रपतींचे पारितोषिक मिळवले. मुंबईच्या त्याच संस्थेचे संचालकपद मात्र योग्यता असूनही त्यांना उशिराच लाभले. १९६९ साली त्या निवृत्त झाल्या. त्यानंतर ग्राहक संघटनेत त्या अन्नातील भेसळीविरुद्ध काम करीत राहिल्या आणि १९८२-८३ मध्ये तिच्या अध्यक्षाही होत्या. १९९८ साली त्यांचे निधन झाले.