सुईण सावित्रीमाई आम्हाला का आठवत नाहीत?

दरवर्षी ३ जानेवारीला वस्त्यावस्त्यांतून क्रांतिज्योती सावित्रीमाई फुले यांची जयंती साजरी होते. प्रतिमेला हार घातला जातो, शाळकरी मुली भाषणे करतात आणि अंगावर शेण-चिखल झेलत शाळेत जाणाऱ्या सावित्रीमाई प्रत्येक भाषणात येतात. ते योग्यच आहे. पण आम्हाला एक प्रश्न पडतो. ज्या हातांनी मुलींच्या पाटीवर अक्षर उमटवले, त्याच हातांनी समाजाने टाकून दिलेल्या गरोदर बायांची बाळंतपणे केली. त्या हातांविषयी आम्ही का बोलत नाही? शिक्षिका सावित्रीमाईंना आम्ही डोक्यावर घेतले, सुईण सावित्रीमाईंना मात्र विसरलो. या विसरण्याची किंमत आमच्या कोवळ्या लेकी आजही मोजत आहेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

सावित्रीमाईंचा जन्म १८३१ साली नायगावचा. १८४० मध्ये, वयाच्या नवव्या वर्षी, त्यांचे जोतीरावांशी लग्न झाले. म्हणजे त्या स्वतः बालवधू होत्या. फरक इतकाच, की त्यांच्या नवऱ्याने त्यांच्या हाती पाटी-पेन्सिल दिली. १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यातील मुलींच्या शाळेत त्या शिकवू लागल्या. पुढे महार-मांगांच्या मुलांसाठीही शाळा निघाल्या. हा इतिहास आमच्या वाचकांना पाठ आहे, म्हणून तो येथे लांबवत नाही. पोटी मूल नसल्याने त्यांना समाजाचे टोमणे ऐकावे लागले. जोतीरावांनी दुसरे लग्न करण्यास नकार दिला. बाईची किंमत कुशीवरून करणारा समाज कसा असतो, हे सावित्रीमाईंनी स्वतः भोगले होते.

त्या काळी उच्चवर्णीयांच्या घरात काय चालत होते? आठ-नऊ वर्षांची पोर मोठ्या वयाच्या पुरुषाच्या गळ्यात बांधायची. तो मेला की तिचे केस कापायचे, तिला आलवण नेसवायचे आणि स्वयंपाकघराच्या अंधारात ढकलायचे. विधवाविवाहाचा कायदा १८५६ साली झाला खरा, पण तो कागदावरच राहिला. १८६० च्या दंडसंहितेत संमतिवय होते अवघे दहा वर्षे! ते बारा करण्यासाठी १८९१ साल उजाडावे लागले आणि त्यालाही धर्म बुडाला म्हणून सनातन्यांनी विरोध केला. अशा पोरीवर घरातल्या किंवा शेजारच्या पुरुषाने हात टाकला आणि तिला दिवस गेले, तर तिच्यापुढे वाटा किती? विषारी औषध घेऊन गर्भ पाडायचा, जन्मलेल्या जिवाचा गळा घोटायचा किंवा स्वतः विहीर जवळ करायची. पुरुष मात्र सोवळ्यात सुरक्षित!

पुण्यात काशीबाई नावाची अशीच एक तरुण ब्राह्मण विधवा होती. जोतीरावांचे स्नेही गोवंडे यांच्या घरी ती स्वयंपाक करीत असे. शेजारच्या एका शास्त्र्याने तिला नादी लावले. दिवस गेल्यावर त्याच्याच सांगण्यावरून तिने गर्भ पाडण्याची औषधे घेतली, पण उपयोग झाला नाही. अखेर मुलगा जन्मला. बेअब्रूच्या भीतीने तिने त्याला मारले आणि प्रेत घरामागच्या विहिरीत टाकले. तिच्यावर खटला चालला आणि तिला जन्मठेपेची काळ्या पाण्याची शिक्षा झाली. अपराध दोघांचा, शिक्षा एकटीला. हाच तो मनूचा न्याय!

या घटनेवर हळहळ व्यक्त करून फुले दांपत्य थांबले नाही. १८६३ साली त्यांनी स्वतःच्या घराच्या आवारात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. ब्राह्मण वस्त्यांच्या कोपऱ्याकोपऱ्यांवर त्यांनी जाहिराती चिकटवल्या. त्यांचा आशय साधा होता. विधवांनी येथे यावे, गुप्तपणे आणि सुखरूप बाळंत व्हावे, मूल सोबत न्यावे की येथे ठेवावे हे त्यांनीच ठरवावे, ठेवल्यास त्याचा सांभाळ येथे होईल. यात बाईची अब्रू राखली जाते, तिचा जीव राखला जातो आणि निर्णय तिच्याच हाती राहतो. आजच्या कोणत्याही परिचारिकेला पहिल्या दिवशी शिकवावे असे हे तीन धडे आहेत.

जाहिरात लावणे सोपे असते. पण रात्री-अपरात्री दार वाजल्यावर उठायचे कोणी? घाबरलेल्या पोरीला धीर द्यायचा, तिच्या कळा सोसेपर्यंत बसायचे, तिचे रक्त पुसायचे कोणी? ते काम सावित्रीमाईंचे होते. आमच्या वाचकांना ठाऊक आहे, की या देशात बाळंतपण हा विटाळ मानला गेला. गावोगावी सुईणपणाचे काम मांगवाड्यातील बाईकडे असे. तिने नाळ कापावी आणि तिलाच शिवायचे नाही, अशी ही व्यवस्था. ते काम शाळेतल्या बाईंनी स्वतःच्या घरात आपल्या हातांनी केले. याच घराचा हौद १८६८ साली अस्पृश्यांना खुला झाला. ब्राह्मण विधवेचे बाळंतपण आणि महार-मांगांचे पाणी एकाच अंगणात! ज्यांनी शेण फेकले त्यांच्याच लेकीसुनांसाठी सावित्रीमाईंनी दार उघडे ठेवले. याला आम्ही करुणा म्हणतो.

पण या गृहाचा हिशेब आम्ही पूर्ण सांगितला पाहिजे, कारण जोतीरावांनी तो लपवला नाही. डिसेंबर १८८४ मध्ये सरकारला पाठवलेल्या आपल्या अभिप्रायात त्यांनी आकडे दिले आहेत. तोवर ३५ गरोदर विधवा येथे येऊन बाळंत झाल्या होत्या. त्यांची पाचच मुले जगली. तीस गेली. गर्भ लपवण्यासाठी आयांनी आधी घेतलेल्या विषारी औषधांनी ती पोटातच जायबंदी झाली होती, असे जोतीरावांनी कारण नोंदवले आहे. तीस वेळा मेलेले किंवा मरू घातलेले बाळ हाती घेणाऱ्या बाईच्या मनाचे काय झाले असेल? तरीही दार बंद झाले नाही. हे आकडे एकच गोष्ट सांगतात. त्या पोरी फार उशिरा आल्या आणि तो उशीर लाजेने केला. लपवण्याची सक्ती नसती, तर यातली कितीतरी बाळे जगली असती.

१८७३-७४ च्या सुमारास आणखी एक काशीबाई या गृहात आली. तिचे बाळंतपण सावित्रीमाईंनी केले आणि तिचा मुलगा फुले दांपत्याने दत्तक घेतला. तोच यशवंत. जातभाईंच्या नाकावर टिच्चून जोतीरावांनी १८८७ साली मृत्युपत्र करून आपला वारसा त्याला दिला. हा यशवंत पुढे डॉक्टर झाला. जोतीरावांचे १८९० मध्ये निधन झाले. १८९७ च्या प्लेगात यशवंतने पुण्याबाहेर सासने मळ्यात दवाखाना उघडला आणि सहासष्ट वर्षांच्या सावित्रीमाई रोग्यांच्या सेवेला उभ्या राहिल्या. मुंढव्याच्या महारवाड्यातील पांडुरंग गायकवाड या मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांची प्राणज्योत मालवली. ज्याला जगाने विहिरीत टाकले असते तो रोग्यांना बरे करणारा डॉक्टर झाला. नाळ कापणाऱ्या हातांचे यापेक्षा मोठे स्मारक कोणते?

हाच धागा बाबासाहेबांनी पुढे नेला. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात गिरणी-कारखान्यातील बायांना बाळंतपणाची पगारी रजा देण्याच्या विधेयकाला त्यांनी पाठिंबा दिला. आईला विश्रांती मिळणे हे देशाच्या हिताचे आहे, अशी त्यांची भूमिका होती. १९२९ साली तो कायदा झाला.

आता आपल्या दाराकडे पाहू. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या २१.९ टक्के स्त्रियांची लग्ने अठराच्या आत झालेली होती. ऊसतोडीला जाणारे आईबाप लेकीला मागे कुणाच्या भरवशावर ठेवणार? म्हणून कोवळ्या वयात तिचे हात पिवळे करतात, तिचाही कोयता होतो. सोळाव्या वर्षी दिवस जातात. शरीर अजून वाढीला लागलेले, अंगात रक्त कमी. अशा मुलीला झटके येण्याचा, अडून बसण्याचा, बाळ कमी वजनाचे होण्याचा धोका प्रौढ बाईपेक्षा जास्त असतो. तिला पहिल्या महिन्यापासून तपासणी हवी, लोहाच्या गोळ्या हव्यात, पोटभर अन्न हवे. पण वय उघडे पडेल, पोलीस येतील, म्हणून घरचे तिला लपवतात. लग्नाशिवाय दिवस गेलेली असेल तर विचारूच नका!

मुलांच्या लैंगिक संरक्षणाच्या २०१२ च्या कायद्याने अल्पवयीन मुलीची माहिती पोलिसांना देणे डॉक्टरांवर बंधनकारक केले. त्यामागचा हेतू चांगलाच आहे. मात्र सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीने आणि तिच्या पालकांनी विनंती केली, तर त्या माहितीत डॉक्टरने तिचे नाव-गाव उघड करण्याची गरज नाही. न्यायालयाला २०२२ मध्ये जे सुचले, ते गुप्ततेचे तत्त्व पुण्याच्या भिंतींवर १८६३ मध्ये चिकटवलेले होते!

म्हणून आमचे कार्यकर्त्यांना आवाहन आहे. बालविवाह होऊ देऊ नका, हे पहिले. पण एखादी पोर अडचणीत सापडलीच, तर तिच्या चारित्र्याची पंचायत बुद्धविहारात भरवू नका. आशाताईला सोबत घ्या, तिला वेळेत दवाखान्यात न्या, परिचारिकेने हिडीसफिडीस केली तर तिथे ठामपणे उभे राहा. आमच्याही वस्तीत अशी पोर लपवली जाते, रातोरात परगावी पाठवली जाते. तेव्हा आमच्यातला मनू जिवंत असतो, हे मान्य करायला आम्ही शिकले पाहिजे. पुढच्या ३ जानेवारीला प्रतिमेला हार घालण्याआधी प्रत्येकाने स्वतःला विचारावे, की अशा एखाद्या लेकीने मध्यरात्री आपले दार वाजवले, तर ते उघडेल का?

जय जोती! जय सावित्री! जय भीम!